मराठीच्या तासाला सामूहिक लेखन : एका ऑनलाइन दस्तऐवजावर चौघांकडून एक लेख कसा लिहून घ्यावा

भांगलणीच्या, म्हणजे पिकातले तण काढण्याच्या, दिवसांत सांगली-साताऱ्याकडील वस्त्यांवर आजही पैरा चालतो. आज सगळ्यांनी मिळून एकाचे रान भांगलायचे, उद्या दुसऱ्याचे. प्रत्येकीने आपापली पात धरलेली असते. पण शेजारणीच्या पातीत हरळीची काडी राहून गेलेली दिसली, तर हात आपसूक तिकडे जातो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. वर्गातील गटलेखनात नेमके हेच घडत नाही. चार मुलांना एक विषय दिला की ती मुद्दे वाटून घेतात, घरी जाऊन आपापला परिच्छेद लिहितात आणि आदल्या रात्री गटातील एखादी हौशी मुलगी चारही तुकडे एका कागदावर उतरवून काढते. हाती येते ती वाकळ. ठिगळे दिसतात, टाकेही दिसतात. पण चौघांपैकी कोणी कोणाच्या वाक्याला हात लावलेला नसतो.

गूगल डॉक्ससारखे साधन वर्गात आणल्याने ही सवय आपोआप सुटत नाही. पहिल्या वर्षी मी नववीच्या गटांना एकेक दस्तऐवज उघडून दिला आणि मोकळे सोडले, तेव्हा चार कर्सर चार कोपऱ्यांत लुकलुकत राहिले आणि शेवटी पुन्हा वाकळच तयार झाली, फक्त छापील अक्षरांतली. असे साधन दोन गोष्टी देते: एकाच वाक्याला एकाच वेळी अनेकांना हात लावता येतो, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद राहते. या दोन सोयींचा वापर होईल असे काम शिक्षकाने मुद्दाम आखले, तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. पुढील पायऱ्या त्याच आखणीच्या आहेत. उदाहरण म्हणून ‘आमच्या गल्लीतला २०१९ चा महापूर’ हा विषय घेतला आहे. कृष्णाकाठच्या शाळांत आज जी मुले माध्यमिक वर्गांत आहेत ती तेव्हा लहान होती. त्यांना थोडे आठवते, बरेचसे आठवत नाही, आणि ते विचारायला घरातच माणसे आहेत.

साधन कोणते घ्यावे

पर्याय पुष्कळ असले तरी निवड दोन-तीन प्रश्नांवर ठरते. मुलांची स्वतःची खाती आहेत का? शाळेत इंटरनेट टिकते का? मुले फोनवर लिहिणार की संगणकावर? खाती असतील आणि नेट बऱ्यापैकी असेल, तर गूगल डॉक्स सोयीचे पडते. एका दस्तऐवजावर एका वेळी १०० जणांना लिहिता येते, म्हणजे संपूर्ण वर्ग मावतो, आणि फोनवरील ॲपही चांगले चालते. मायक्रोसॉफ्ट वर्डची ऑनलाइन आवृत्तीही हेच काम करते. शाळेचे इतर काम त्यात चालत असेल तर वेगळे काही शोधण्याची गरज नाही.

मुलांची खाती नसतील तर इथरपॅडचा विचार करावा. २००८ मध्ये निघालेले हे साधन पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतले आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यात खाते लागत नाही. लिंक उघडायची, कोपऱ्यात आपले नाव टाकायचे, रंग निवडायचा आणि लिहायला लागायचे. ज्याचे अक्षर त्याच्या रंगात दिसते, त्यामुळे वाटणी झाली की खरे सामूहिक लेखन झाले हे वर्गाच्या दारातूनही ओळखता येते. गावाकडील शाळांना मोलाची वाटेल अशी आणखी एक सोय त्यात आहे. प्रयोगशाळेतील एका संगणकावर इथरपॅड बसवले, तर बाकीचे संगणक शाळेच्या अंतर्गत जोडणीवरून ते उघडू शकतात आणि बाहेरच्या इंटरनेटची गरजच पडत नाही. बसवायला नोड जेएस नावाची आधारप्रणाली लागते. संगणकाची जाण असलेला माजी विद्यार्थी एका दुपारी हे काम करून देईल. उणीव एवढीच की मूळ इथरपॅडमध्ये दुसऱ्याच्या मजकुरावर केवळ सूचना देऊन ठेवण्याची सोय नाही. पुढे सांगितलेली चौथी पायरी त्यात थोडी वेगळ्या रीतीने करावी लागते.

खाती, वय आणि पालक

भारतात स्वतःचे गूगल खाते स्वतः सांभाळण्यासाठी वय किमान १३ वर्षे पूर्ण असावे लागते. आठवीतली बरीच मुले या सीमेवर असतात आणि त्याखालील वर्गांना ही वाट बंदच असते. अशा वर्गांसाठी शिक्षकाच्या खात्यावरून चालणारा एकच पडदा किंवा इथरपॅड वापरावे. शाळेला स्वतःच्या नावाचा इंटरनेट पत्ता असेल, तर शिक्षणसंस्थांसाठीची गूगल वर्कस्पेसची मूलभूत सेवा पात्र शाळांना विनामूल्य मिळते आणि मुलांची खाती शाळेच्या ताब्यात राहतात. ही व्यवस्था सर्वांत सुरक्षित आहे, मात्र ती नीट सांभाळणारा माणूस शाळेत असायला हवा.

वैयक्तिक डिजिटल विदेबाबतचा (डेटाबाबतचा) २०२३ चा केंद्रीय कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी पालकांना एक साधे, मराठीतले पत्र पाठवावे: कोणते साधन, कशासाठी, किती दिवस, लेख कोण वाचणार आणि शेवटी त्याचे काय होणार. सही आल्यावरच मुलाला जोडावे. फोन बहुधा वडिलांचा असतो आणि वडील रात्री आठला घरी येतात, हेही त्याच पत्राच्या उत्तरांतून कळते व गृहपाठ त्याप्रमाणे ठरवता येतो.

मराठी टंकन : एक तास यातच जाऊ द्यावा

मुलांचा हात कुठे अडतो तर इथे. पहिला तास लेखनाला न देता टंकनाला दिला की पुढचे चार वाचतात. फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलक-ॲपमध्ये मराठी भाषा जोडली की देवनागरी कळफलक, रोमन अक्षरांतून मराठी आणि बोटाने लिहिण्याची पाटी असे तिन्ही पर्याय मिळतात. संगणकावर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना शिकवलेली बरी. सुरुवातीला ती कंटाळवाणी वाटते. पण तिच्यात ‘ळ’ आणि ‘ऱ’ यांना स्वतःची कळ आहे, अनुक्रमे ‘ल’ आणि ‘र’ यांचीच, शिफ्ट दाबून. ‘वाऱ्यावर’ आणि ‘सूर्यावर’ यांतला फरक मुले त्या कळीवरच शिकतात.

एक गोष्ट वर्गाला आधीच सांगून ठेवावी. पडद्यावर सारखीच दिसणारी अक्षरे आतून सारखी असतीलच असे नाही. ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणून टंकता येते, किंवा ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊनही तयार होते; ‘दुःख’मधला विसर्ग कोणी विसर्गाने देतो, कोणी अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनी. मग ‘शोधा आणि बदला’ने एखादा शब्द सगळीकडे दुरुस्त करायला जावे, तर निम्म्या जागी तो सापडतच नाही. गटातील सर्वांनी एकाच पद्धतीने टंकायचे ठरवले की ही डोकेदुखी टळते. तसेच शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका किंवा स्मरणिका श्रीलिपी या जुन्या टंकनप्रणालीत असतात. तो मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात रूपांतर केल्याशिवाय तो वापरता येत नाही. टंकाच्या (फॉन्टच्या) यादीत देवनागरी लिपी निवडली की मुक्त, नोटो, तिरो असे वाचायला सुखद टंक मिळतात. एक निवडावा आणि तो विषय तिथेच संपवावा, नाहीतर अर्धा तास टंक बदलण्यात जातो.

बोलून टंकणे हा प्रकार मात्र मी आवर्जून करून घेतो. संगणकावर क्रोममध्ये, डॉक्सच्या टूल्स यादीतील व्हॉइस टायपिंग उघडून मराठी निवडली की बोललेले उमटते. त्यात विरामचिन्हे येत नाहीत. शब्दांचा सलग पूर येतो आणि वाक्य कुठे संपले हे मुलांना स्वतः ठरवावे लागते. व्याकरणाच्या पुस्तकातील विरामचिन्हांचा धडा जे शिकवू शकत नाही ते या दहा ओळी शिकवतात, कारण त्या ओळी मुलांच्या स्वतःच्या तोंडच्या असतात.

पहिली पायरी : इतिहास म्हणजे काय ते दाखवावे

मुलांना स्वतःचा दस्तऐवज देण्यापूर्वी दुसऱ्यांचा दाखवावा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील ‘सांगली’ हा लेख प्रोजेक्टरवर उघडावा आणि वरच्या ‘इतिहास पहा’ या दुव्यावर टिचकी मारावी. कोणत्या दिवशी कोणी काय घातले, कोणी ते काढले, कोणी पुन्हा घातले, हे सगळे तारीखवार दिसते. दोन आवृत्त्या निवडून तुलना केली की बदललेले शब्द रंगात उठून दिसतात. यासाठी खाते लागत नाही. त्यानंतर ‘चर्चा’ पान उघडावे. लेखातील मजकुराबद्दल लेखक एकमेकांशी कुठे बोलतात हे मुलांना तिथे कळते, आणि एखादे वाक्य का बदलले याचे कारण द्यायचे असते ही कल्पना मनात रुजते.

दुसरी पायरी : दस्तऐवज तयार करणे

प्रत्येक चार जणांच्या गटाला एक दस्तऐवज द्यावा. पाच जण झाले की एक जण नुसता पाहत बसतो. दस्तऐवज शिक्षकाच्या खात्यावर तयार करावा, मुलाच्या खात्यावर नव्हे. मूल शाळा सोडून गेले तरी लेख राहतो. नाव ठरावीक पद्धतीने द्यावे, जसे ‘नववी ब, गट ३, महापूर’. वर एक तक्ता असावा: तारीख, कळफलकावर कोण बसले, आज काय बदलले. शाळेत संगणक कमी असल्याने चौघांत एकच यंत्र येणार असेल, तर हा तक्ता अत्यावश्यक ठरतो, कारण अशा वेळी बदलांच्या नोंदीत एकाच खात्याचे नाव दिसते. कळफलकावरचे मूल दर दहा मिनिटांनी बदलावे आणि प्रत्येकाने आपल्यासाठी अक्षरांचा एक रंग ठरवून घ्यावा.

शेअर करताना प्रत्येक मुलाचा ईमेल पत्ता टाकून ‘एडिटर’ हा अधिकार द्यावा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय वेळ वाचवतो खरा, पण त्यात खाते न उघडता आलेले लेखक निनावी प्राण्यांच्या नावाने दिसतात आणि निनावी कोल्ह्याने काय लिहिले व निनावी कासवाने काय, हे शोधत बसावे लागते. शेअरच्या चौकटीतील दातेरी चाकाच्या खुणेवर जाऊन ‘एडिटर इतरांना अधिकार देऊ शकतात’ ही सोय काढून टाकावी. ही काळजी न घेतल्याचा फटका मी खाल्ला आहे. लिहिण्याचा अधिकार असलेली लिंक घाईत पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि सकाळी पाहतो तर एका गटाचा निम्मा लेख गायब, त्या जागी कोणाच्या तरी धाकट्या भावाने टाकलेल्या क्रिकेटच्या गप्पा. आदल्या दिवसाची आवृत्ती दोन मिनिटांत परत आणता आली म्हणून निभावले.

तिसरी पायरी : प्रश्न आणि कच्च्या नोंदी

पहिल्या दोन तासिकांत लेखाचा शब्दही लिहू नये. आधी प्रत्येक गटाने मिळून प्रश्नांची यादी करावी. हे काम एकत्र लिहिण्याच्या सरावाला उत्तम, कारण प्रश्न एका ओळीचा असतो आणि तो कोणाचाच खास नसतो. दुसऱ्याने बदलला तरी मन दुखत नाही. ‘पूर आला तेव्हा तुम्हाला कसे वाटले?’ हा प्रश्न तिघांच्या हातांतून गेल्यावर ‘पाणी येणार हे तुम्हाला कोणी सांगितले, आणि घरातून सगळ्यात आधी काय उचलले?’ असा झालेला मी पाहिला आहे.

मग मुलांनी घरी जाऊन आजी, आजोबा, शेजारी यांना विचारावे आणि मिळालेले उत्तर कच्च्या नोंदींच्या भागात टाकावे. इथे दोन पथ्ये पाळावीत. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि फोन क्रमांक, घरक्रमांक, नुकसानभरपाईचे आकडे असले तपशील लिहू नयेत. दुसरे पथ्य अधिक नाजूक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळजवळ पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटून अनेकांचा जीव गेला. त्या काठावरच्या वर्गांत अशा घरांतील मुले असू शकतात. त्यांना हा विषय नको असेल, तर कारण न विचारता दुसरा द्यावा: हळद साठवण्याचे जमिनीतले पेव, गावची जत्रा, बंद पडलेले चित्रपटगृह.

चौथी पायरी : मसुदा, आणि मग अदलाबदल

नोंदी जमल्यावर प्रत्येकाने एक परिच्छेद लिहावा. इथपर्यंत वाटणी चालेल. खरे काम त्यापुढे आहे आणि त्यासाठी किमान दोन तासिका राखून ठेवाव्यात. संगणकावर डॉक्सच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण असते. ती दाबून ‘एडिटिंग’ऐवजी ‘सजेस्टिंग’ निवडायचे. फोनच्या ॲपमध्ये हीच सोय तीन टिंबांच्या यादीत मिळते. आता कोणी काही बदलले तर मूळ शब्द खोडलेला दिसतो, नवा शब्द रंगात दिसतो आणि बाजूला एक चौकट येते. ज्याचा परिच्छेद आहे त्याने ती सूचना स्वीकारायची किंवा नाकारायची.

याला मी तीन नियम लावतो. प्रत्येकाने गटातील इतर तिघांच्या परिच्छेदावर मिळून किमान पाच सूचना द्याव्यात. त्यांपैकी निदान दोन ऱ्हस्व-दीर्घापलीकडच्या असाव्यात, म्हणजे वाक्याची रचना, तपशील किंवा क्रम यांबद्दलच्या. आणि सूचना स्वीकारली काय नि नाकारली काय, कारण चौकटीत एका वाक्यात लिहावेच लागेल. तिसरा नियम नसेल तर मुले सरसकट सगळ्या सूचना स्वीकारतात, कारण मैत्री टिकवायची असते.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. एका मुलाने लिहिले होते, ‘पाणी खूप आले आणि सर्व लोक खूप घाबरले.’ शेजारच्या मुलीने दोन्ही ‘खूप’ खोडले आणि चौकटीत विचारले, ‘किती खूप?’ तो चिडला. पण कच्च्या नोंदींत जाऊन पाहिल्यावर त्याच्याच आजोबांचे सांगणे तिथे होते, आणि वाक्य झाले, ‘पाणी तुळशीच्या कट्ट्याला लागले तेव्हा आजोबांनी म्हशीचे दावे कापले.’ ‘घाबरले’ हा शब्द लिहिण्याची गरज उरली नाही. असा बदल शिक्षकाने लाल शाईने सुचवला असता तर त्याने तो निमूटपणे उतरवून घेतला असता आणि विसरला असता.

दुसरा वाद बोलीचा झाला. एकीने आजीचे बोलणे जसे ऐकले तसे लिहिले होते: ‘पानी गोठ्यात शिरलं तवा म्हस दाव्यालाच हुती.’ गटातील मुलाने ‘पाणी’, ‘तेव्हा’, ‘म्हैस’, ‘होती’ अशा चार सूचना दिल्या. मुलीने चारही नाकारल्या आणि कारण लिहिले, ‘आजी असं बोलत नाही.’ त्याने उलट लिहिले, ‘पण पेपरात गुण जातील.’ कॉमेंटची ही मालिका अकरा उत्तरांपर्यंत गेली. शेवटी संपूर्ण वर्गासमोर ती उघडली आणि नियम मुलांनीच ठरवला: अवतरणचिन्हांत बोललेले जसेच्या तसे राहील, अवतरणाबाहेरचे निवेदन प्रमाण मराठीत असेल. अवतरणचिन्ह कशासाठी असते हे त्या दिवशी कोणाला वेगळे शिकवावे लागले नाही.

तिसरा प्रसंग आकड्याचा. एकाने पाणी ६० फुटांवर गेल्याचे लिहिले, दुसऱ्याने ५७. कॉमेंटमध्ये ‘कुठून कळले?’ हा प्रश्न विचारायची सवय लावली असल्याने दोघांना शोध घ्यावा लागला. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजली जाते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. ६० हा आकडा गल्लीतल्या गप्पांतला निघाला. आकडा दुरुस्त झाला. पण गप्पांत तो ६० का झाला यावरही एक छान वाक्य लेखात आले.

इथरपॅड वापरणाऱ्यांनी ही पायरी चौकोनी कंसांच्या आधारे करावी. सुचवलेला शब्द कंसात, आपल्या रंगात लिहायचा आणि मूळ लेखकाने त्यातील एक ठेवायचा. थोडे ओबडधोबड आहे, पण चालते.

पाचवी पायरी : एका आवाजात

चार परिच्छेद दुरुस्त झाले तरी ते चार माणसांचेच वाटतात. म्हणून एका तासिकेत गटाने पूर्ण लेख मोठ्याने वाचावा. वाचणारा जिथे अडखळेल तिथे बाकीच्यांनी कॉमेंट टाकावी. संगणकावर मजकूर निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि एम या कळा एकत्र दाबल्या की चौकट उघडते. परिच्छेदांच्या सांध्यांवर लक्ष द्यावे, कारण वाकळीचे टाके तिथेच दिसतात. काळ एकच आहे का? कुठे ‘आजोबा म्हणाले’ आणि कुठे ‘आजोबा म्हणतात’ असे झाले आहे का? तीच घटना दोन परिच्छेदांत दोनदा येते का? दुसऱ्या परिच्छेदाचे पहिले वाक्य पहिला परिच्छेद लिहिणाऱ्याने लिहावे, तिसऱ्याचे दुसऱ्याने, अशी साखळी केली तर सांधे पुष्कळ बेमालूम होतात.

इतिहास वाचणे आणि गुण देणे

फाइल यादीतून, किंवा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच या कळा एकत्र दाबून व्हर्जन हिस्टरी उघडते. ती फक्त लिहिण्याचा अधिकार असलेल्यांना दिसते आणि फोनपेक्षा संगणकावर नीट वाचता येते. प्रत्येक तासिकेच्या शेवटी त्या आवृत्तीला ‘कच्च्या नोंदी’, ‘पहिला मसुदा’, ‘अदलाबदल’ अशी नावे देऊन ठेवली, तर नंतर शेकडो बारीक बदलांतून वाट काढावी लागत नाही.

इतिहास वाचताना शिक्षकाने थोडे सबुरीने घ्यावे. संपूर्ण परिच्छेद एका क्षणात, एकही खाडाखोड न होता अवतरला असेल, तर तो कुठून तरी चिकटवलेला आहे एवढेच सिद्ध होते. तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून आलेला असू शकतो, निबंधाच्या एखाद्या संकेतस्थळावरून असू शकतो, किंवा घरी नेट नसल्याने मुलीने तो फोनच्या टिपणवहीत लिहून शाळेत आल्यावर चिकटवलेला असू शकतो. मी एकदा तिसऱ्या प्रकारच्या मुलीला पहिल्या प्रकारची समजलो होतो. तिने फोनमधील टिपण उघडून दाखवले तेव्हा वर्गासमोर माफी मागावी लागली. आता मी आधी मुलाला जवळ बोलावून ‘हे वाक्य आधी कसे होते?’ एवढेच विचारतो. ज्याने लिहिलेले असते त्याला सांगता येते. अक्षरांची मोजदाद करून गुण देण्याचा मोहही टाळावा. ज्या मुलीने दोनच शब्द बदलले, पण जिच्या ‘किती खूप?’ या प्रश्नाने लेख सुधारला, तिचे काम मोजणीत दिसत नाही.

नववी-दहावीत भाषा विषयाच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. शाळेच्या पद्धतीत बसेल तितका भाग या कामाला द्यावा. माझी वाटणी दहा गुणांची आहे: पूर्ण लेखाला चार आणि ते गटातील सर्वांना सारखे, स्वतःच्या परिच्छेदाला दोन, इतरांना दिलेल्या सूचनांना तीन, आणि आलेल्या सूचनांना दिलेल्या कारणांना एक. सूचनांना परिच्छेदापेक्षा जास्त गुण का, असे पालक विचारतात. स्वतःचा परिच्छेद लिहिण्याचा सराव उपयोजित लेखनाच्या प्रत्येक प्रश्नात होतच असतो. दुसऱ्याचा मजकूर लक्ष देऊन वाचण्याचा सराव मात्र फक्त इथे होतो, असे मी त्यांना सांगतो.

नेट गेले, वीज गेली

हे होणारच, म्हणून त्याची तयारी आधीच असावी. फोनच्या ॲपमध्ये दस्तऐवज ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवता येतो आणि जोडणी आली की बदल आपोआप चढतात. मात्र नेटशिवाय दोघांनी एकाच परिच्छेदावर काम केले, तर जोडणी आल्यावर वाक्यांची सरमिसळ होते. अशा दिवशी प्रत्येकाने फक्त आपल्याच परिच्छेदात राहावे. प्रयोगशाळेतील सामाईक संगणकावर ऑफलाइनची सोय चालू करू नये, कारण दस्तऐवज तिथेच साठून राहतो. अगदीच काही चालत नसेल तर मसुद्याची छापील प्रत बाहेर काढावी, चार रंगांची पेने द्यावीत आणि सूचना समासात लिहायला सांगाव्यात. आदल्या दिवसापर्यंतची छापील प्रत कपाटात ठेवण्याची सवय पावसाळ्यात विशेष उपयोगी पडते.

लेख पूर्ण झाल्यावर

शेवटी नावे घालण्याचा प्रश्न येतो. वाईत संपादित होणाऱ्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यातील एक-दोन नोंदी मुलांना दाखवाव्यात आणि आपल्या लेखाखाली नावे कोणत्या क्रमाने यावीत हे गटालाच ठरवू द्यावे. माहिती सांगणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीनेच घालावीत. मग सर्व मुलांचा अधिकार ‘एडिटर’वरून ‘व्ह्यूअर’ करावा, पीडीएफ काढून ठेवावी, आणि ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या प्रत्येकाला मोठ्या अक्षरांत छापलेली एक प्रत घरपोच द्यावी. मुलांनी ती त्यांना वाचून दाखवावी.

अधिकार काढण्याची घाई मात्र करू नये. गट ३ मधील मुलाने छापील प्रत आजीला वाचून दाखवली, तेव्हा तिने दुसऱ्याच पानावर थांबवले. पाणी नदीच्या बाजूने आले नव्हते, मागच्या ओढ्याने उलटे फिरून आले होते, आणि म्हणूनच पुढच्या दाराशी बसलेल्यांना ते कळले नव्हते, असे तिचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौघेही प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होते. दस्तऐवज पुन्हा उघडून दिला.